काळी दिली, लाल घेतली

नाशिकला रो-हाऊस घेतलं तेव्हा अंगणातली माती काळीभोर होती. पावसात चपलेला गोळे चिकटायचे, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. सोसायटीत ज्याच्या त्याच्या कुंडीत लाल माती. तेव्हा ही काळी काढून टाकायची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

गेल्या मे महिन्यात दारावर छोटा हत्ती घेऊन एक जण आला. "ताई, कोकणातली लाल माती आहे, डोळे झाकून घ्या. एक ब्रासचे साडेसहा हजार. वर तुमची ही घाण माती फुकट उचलून नेतो." फुकट म्हटल्यावर मी पाघळले. सोबत गांडूळखताची दहा पोती, चारशेला एक. पोत्यावर ना नाव, ना वजन, ना कसला नंबर. ते तेव्हा खटकायला हवं होतं.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मातीचं वजन सहज चार टनांच्या घरात जातं. ते छोट्या हत्तीत एका खेपेत मावणं शक्यच नाही, हे मला नंतर भावाने सांगितलं. गाडीच्या हौद्याची लांबी-रुंदी-उंची फुटांत मोजून गुणाकार करायचा, एवढंच काम होतं. माझ्या पदरात अर्धा ब्रासही पडला नसेल.

पहिल्या दोन पावसांत वरचा लाल रंग धुऊन गेला आणि खालून करडं काहीतरी डोकावायला लागलं. खुरप्याने उकरलं तर विटांचा चुरा, टाइलचे तुकडे आणि निळा डिस्टेंपर लावलेला गिलाव्याचा एक पापुद्रा. तो हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते. कोणाच्या तरी पाडलेल्या घराची बेडरूम माझ्या मोगऱ्याखाली होती!

तोवर मोगऱ्यावर केवडा पडला होता. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. सिमेंट-चुन्याने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. मग लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. मी मात्र "खत कमी पडतंय" म्हणून आणखी ते गांडूळखत ओतत राहिले. तेही कसलं, मूठभर ओलं करून कागदावर वाळवलं तर दगडासारखं ढेकूळ झालं. चांगलं गांडूळखत चहाच्या पावडरीसारखं भुरभुरीत राहतं आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. याला गाळाचा वास होता.

शेवटी माती तपासून घेतली. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, कडेची माती खरवडून, एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो दिली. सामू ८.६, म्हणजे चढाच. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन, ०.१८ टक्के. कर्ब निदान ०.५ तरी हवा.

घरच्या घरी करायचं तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चांगलं हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. माझ्या बरणीत पाच मिनिटांत सगळं खाली आणि वर लालसर पाणी. व्हिनेगरने फेस येतो ती माती वाईट, असंही ऐकाल. त्यावर विसंबू नका, चुनखडीच्या खऱ्या काळ्या मातीलाही फेस येतो. आणि लाल रंग लोहाच्या गंजाचा असतो, कसदारपणाचा नव्हे. कोकणातली जांभ्याची माती पाणी पटकन सोडते, पण अन्नद्रव्यं फारशी धरून ठेवत नाही. माझ्या काळीला दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन पुरलं असतं.

राडारोडा काढायला दोन माणसं, दोन दिवस लागले. मातीवाला अर्थातच फोन उचलत नाही.

माझी काळी माती तीन गल्ल्या सोडून एका बंगल्यात गेली, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. "मळ्यातली सुपीक माती" म्हणून त्या लोकांनी तिचे पैसे मोजले. परवा तिथून जाताना कुंपणावरून डोकावले. वांगी झकास लागलीत.