ब्लॅक फॉरमॅटर: स्थिर शैली, प्रीव्ह्यू की अनस्टेबल?

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या जिनिंगच्या वजनकाट्यांसाठी आम्ही तिघं पायथनमध्ये पावतीचं सॉफ्टवेअर लिहितो. कोड ब्लॅक हा फॉरमॅटर, म्हणजे कोड ठरावीक शैलीत आपोआप मांडणारं साधन, लावून देतो, म्हणून ओळ कुठं तोडायची यावर आमच्यात वाद नाही. अडलं ते ब्लॅकच्या येऊ घातलेल्या शैलीवर: ती आत्ताच घ्यावी की वाट पाहावी? तुमची टीमही अशीच लहान असेल तर तिन्ही वाटा, म्हणजे स्थिर शैली, प्रीव्ह्यू आणि अनस्टेबल, पाहून घ्या.

स्थिर शैलीचा नियम सरळ आहे. एका कॅलेंडर वर्षात ती बदलत नाही. तयार झालेले बदल पुढच्या जानेवारीच्या आवृत्तीत येतात. २०२४ मध्ये मॉड्यूलच्या डॉकस्ट्रिंगनंतर (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या मजकुरानंतर) एक कोरी ओळ आली, नुसती तीन टिंबं असलेली रिकामी फंक्शनं एका ओळीत बसली. २०२५ मध्ये युनिकोड एस्केपमधली (अक्षर संकेतांकानं लिहिण्याच्या पद्धतीतली) हेक्स अक्षरं लहान लिपीत गेली. बदल बारीक, पण एकदम अनेक फाइलींना हात लागतो. आणि जानेवारी म्हणजे इकडे कापसाची ऐन आवक! रात्री काट्यावरची वजावट दुरुस्त करावी, तर त्या दोन ओळी कोऱ्या ओळींच्या ढिगात हरवतात. कोडचा अर्थ बदलत नाही, ते ब्लॅक स्वतः तपासतो. त्रास होतो तो बदल वाचणाऱ्याला.

त्यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये आवश्यक आवृत्ती म्हणून फक्त '२५' असा मुख्य आकडा लिहिला की त्या वर्षाची शैली पक्की; कोणाच्या मशीनवर दुसऱ्या वर्षाचा ब्लॅक असेल तर तो चालायलाच नकार देतो. मग नवी आवृत्ती हंगाम आटोपल्यावर, एप्रिलात घ्या. शैलीबदलाचा कमिट (बदलांची नोंद) वेगळा ठेवा आणि त्याचा क्रमांक, कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये कोणती ओळ कोणाची ते दाखवणाऱ्या 'ब्लेम'च्या दुर्लक्ष-यादीत टाका. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. ओळ मुळात कोणी लिहिली ते मग बरोबर दिसतं.

प्रीव्ह्यूत पुढच्या वर्षीचे संभाव्य बदल आधी मिळतात. पण त्याला वर्षाचं बंधन नाही, कोणत्याही आवृत्तीत काहीही बदलू शकतं. रोज कोड बघणारा माणूस असेल तर जमेल. आमच्याकडे तो माणूस नोव्हेंबर ते फेब्रुवारी काट्यावर असतो.

अनस्टेबल हा गट २०२४ पासून वेगळा काढला, कारण त्यातल्या सोयींत माहीत असलेल्या अडचणी आहेत. त्यातली एक मला मनापासून आवडते: फंक्शनला एकच यादी द्यायची असेल तर गोल आणि चौकोनी कंस चिकटून उघडतात, आतला मजकूर एक पायरी कमी सरकतो. दुसरी सोय लांब स्ट्रिंग तोडते आणि लहान तुकडे जोडते. ती आम्हाला नको. ऑपरेटरचा फोन येतो, "भाऊ, 'ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे, पावती थांबवली' असं येऊन राह्यलं." आम्ही तोच मजकूर कोडमध्ये शोधतो. संदेश दोन ओळींत तुटला असेल तर शोध रिकामा परततो, तोवर काट्यावर गाड्यांची रांग लागते. मराठी संदेशांचा कोड असलेल्यांनी हे आधी तपासावं. एकच अनस्टेबल सोय हवी असेल तर प्रीव्ह्यू चालू करून तिचं नाव वेगळं देता येतं, पूर्ण गट घ्यायची गरज नाही.

माझं मत स्थिर शैलीकडे, मुख्य आकडा बांधून. फक्त नवा प्रकल्प आणि हाताशी रिकामा उन्हाळा असेल तर प्रीव्ह्यू घ्या. तेव्हाही आधी डिफ (काय काय बदलेल ते) दाखवणारा पर्याय लावून पाहा, त्यात फाइलीला हात लागत नाही. चिकटलेल्या कंसांची सोय स्थिर झाली की आम्ही ती घेऊच, पण गाड्या थांबल्यावर.