माटुंग्याचं सिव्हिल की ऐरोलीचं कॉम्प्स?

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीतली दोन प्रकारची माणसं दार वाजवतात. ९९ पर्सेंटाईलच्या पुढची पेढे घेऊन येतात आणि ९२ ते ९६ च्या मधली प्रिंटआउट घेऊन. पहिल्यांना माझा काही उपयोग नाही. हे लिहितेय ते दुसऱ्यांसाठी.

कारण खरी पंचाईत या मधल्यांचीच असते. ९५ पर्सेंटाईल म्हणजे आजीला वाटतं नातू राज्यात आला. पण चार लाख मुलं बसली असतील, तर ९५ च्या वर वीस हजार मुलं झाली. माटुंग्याचं व्हीजेटीआय, एसपीआयटी, डीजे संघवी अशा कॉलेजांचं कॉम्प्स, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, त्यांच्यापैकी वरच्या थोड्यांतच संपतं. मग उरतात दोन वाटा. एक, मोठ्या नावाच्या कॉलेजात मिळेल ती ब्रँच घ्यायची आणि ‘सेकंड इयरला ब्रँच बदलून घेऊ’ म्हणायचं. दुसरी, ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, नेरूळ किंवा घोडबंदरकडच्या कॉलेजात सरळ कॉम्प्स घ्यायचं.

आमच्या घरात दोन्ही झालंय. मोठी मुलगी पहिल्या वाटेनं गेली, भाचा दुसऱ्या. त्यामुळे माझं मत पुस्तकी नाही, पण तटस्थ आहे असंही म्हणणार नाही.

कटऑफ वाचताना

मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या साइटवर असते. तिच्यात जीओपनएस, एलओपनएच असली अक्षरं दिसतात आणि पालक घाबरतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे आपलं विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ. ठाणे-नवी मुंबईकरांचं ‘आपलं’ म्हणजे मुंबई विद्यापीठ. मुलगी असेल तर एल ची ओळ आधी बघा. शेजारणीनं जी ची ओळ बघून मुलीच्या यादीतली दोन चांगली कॉलेजं आधीच खोडली होती.

अल्पसंख्याक दर्जाही बघा. संघवी गुजराती भाषिकांचं, चेंबूरचं व्हीईएसआयटी सिंधी भाषिकांचं. तिथे त्या समाजासाठी मोठा हिस्सा राखीव असतो, त्यामुळे बाकीच्यांसाठीच्या जागा एकूण आकड्यापेक्षा बऱ्याच कमी असतात.

नाव मोठं, ब्रँच दुसरी

या वाटेचे फायदे खरे आहेत. व्हीजेटीआय १८८७ चं आहे. इतक्या वर्षांत माजी विद्यार्थी कुठे कुठे पोचलेत ते नोकरी शोधताना कळतं. सोबतची मुलं हुशार असतात, स्पर्धा-प्रोजेक्ट-क्लब यांचं वातावरण तयार असतं, आणि सगळ्या ब्रँचच्या मुलांना बसू देणाऱ्या कंपन्या अशा कॉलेजांत जास्त येतात. पण सगळ्याच कंपन्या तशा नसतात. काही फक्त कॉम्प्स-आयटीच्या मुलांनाच टेस्टला बसू देतात. म्हणून टीपीओला, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला, ‘प्लेसमेंट किती टक्के’ विचारू नका. ‘गेल्या वर्षी सिव्हिलच्या मुलांना किती सॉफ्टवेअर कंपन्यांनी बसू दिलं’ असं विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तेही ऐका.

आता ब्रँच बदलाबद्दल, कारण सगळा जुगार तिथेच आहे.

प्रत्येक कॉलेजचा नियम थोडा वेगळा, पण सांगाडा सारखाच. पहिलं वर्ष संपल्यावर, हव्या त्या ब्रँचमध्ये जागा रिकामी असेल तरच, पहिल्या वर्षाच्या पॉइंटरच्या (दहापैकी सरासरी ग्रेडच्या) क्रमानं, आणि एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, नसेल तर. यातली मेख ‘रिकामी’ या शब्दात आहे. कॉम्प्सची जागा सोडतो कोण? कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांत सुटलेली जागा पुढच्या फेरीत भरली जाते. उरते ती फक्त सगळं आटोपल्यावर कोणी आयआयटीसाठी परत बसला, कोणी परदेशी गेला, तर. शिवाय डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी १० टक्के जादा जागा असतातच, वर पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागांवरही त्यांचे प्रवेश होतात. आयआयटीचं उदाहरण कोणी तोंडावर फेकलं तर सांगा, काही आयआयटींनी ब्रँच बदल बंदच करून टाकलाय.

आणि पॉइंटर ठरतो कशावर? मेकॅनिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, आणि एम-वन, एम-टू म्हणजे गणित. ज्या मुलाला कोडिंग करायचंय त्यानं वर्षभर फ्री बॉडी डायग्राम काढून, त्याच इराद्यानं आलेल्या शंभरएक हुशार मुलांना मागे टाकायचं, तेव्हा कुठे कोडिंगच्या वर्गाचं दार किलकिलं होणार.

आमच्या मोठीनं ते वर्ष काढलं. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाणे, नऊ-दहा नंबरवरून पूल चढून स्लोच्या फलाटावर, आणि हातात ड्रॉइंगशीटचा तो काळा नळा. एकदा गर्दीत नळ्याचं झाकण उडालं आणि तीन रात्रींचं आयसोमेट्रिक मुलुंडच्या फलाटावर कोणाच्या तरी चपलेखाली गेलं. तिनं रात्री बसून परत काढलं. पॉइंटर नऊच्या आत-बाहेर. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नियमांची काही चूक नव्हती, आमच्या हिशेबाची होती. यादी लागली तेव्हा कॉम्प्सला दोनच जागा होत्या आणि तिच्यापुढे अकरा मुलं. घरी येऊन म्हणाली, “आई, दोन मार्कांनी गेलं असतं तर वाईट वाटलं असतं. हे तर जवळही नव्हतं.”

ती प्रॉडक्शनमध्येच राहिली. दुसऱ्या वर्षाचे पहिले चार महिने तिला त्या ब्रँचचं तोंड बघवत नव्हतं. मग कॉम्प्युटरची मायनर, म्हणजे जोडविषय, घेतली. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या चौकटीत मूळ पदवीच्या वर साधारण १८ ते २० क्रेडिट जादा केले की मायनर पदवीवर लिहून येते. शनिवार गेले, कधी संध्याकाळ गेली, पण आज ती सॉफ्टवेअरमध्येच आहे. तेव्हा ही वाट बंद असते असं नाही. लांबून जाते, आणि पहिलं वर्ष नुसतं ताणात जातं.

एक अट पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफीची योजना. ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी ५ टक्के जादा जागा. फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेज-ब्रँचचा एक चॉइस कोड असतो, या जागांच्या कोडच्या शेवटी टी असतो. फी वाचते म्हणून लोक हे कोड वर टाकतात, आणि ते योग्यच आहे. पण या जागेवर आलात की कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, पहिल्या वर्षी दहा पॉइंटर आला तरी. सिव्हिल-टी घेऊन ब्रँच बदलाची स्वप्नं बघणारा एक मुलगा मला माहीत आहे. त्याला हे दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर कळलं.

घराजवळ, पण कॉम्प्स

भाचा दुसऱ्या वाटेनं गेला. कॉलेज रिक्षाच्या अंतरावर. रोजचे दोन-अडीच तास वाचले. ते अभ्यासात गेले असं मी शपथेवर सांगणार नाही, पण निम्मे तरी गेले. पहिल्या वर्षी त्याच्या डोक्यावर यादी नव्हती. सहा-साडेसहा पॉइंटरवर तो मजेत होता, आणि तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स आलं तेव्हा जागा झाला.

तोटेही सांगते. वर्गात मागे पडायला फार सोपं आहे, कारण पुढे ओढणारी मुलं कमी असतात. कंपन्या येतात, पण बऱ्याचशा घाऊक भरतीच्या. चांगली इंटर्नशिप त्यानं स्वतः शोधली, कॉलेजनं नाही.

आणखी एक. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी एका ब्रँचमधल्या जागांची वरची मर्यादा काढून टाकली. तेव्हापासून कॉम्प्स, एआय-डेटा सायन्स यांच्या तुकड्या वाढवणारी कॉलेजं बरीच झाली. जागा वाढणं तुमच्या पथ्यावर पडतं. पण तुकड्या वाढल्या तेवढे शिक्षक आणि लॅब वाढल्या का, हे जाऊन बघा. ओपन डेला जाऊ नका, त्या दिवशी सगळं चकचकीत असतं. साध्या मंगळवारी, दुपारी तीनला जा. लॅबमध्ये एका मशीनवर किती मुलं बसलीत ते मोजा. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलाला चहा पाजा. तो पंधरा मिनिटांत जे सांगेल ते माहितीपुस्तिकेत नसतं.

पैशाचा भाग थोडक्यात. आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. नेरूळचं रामराव आदिक आता अभिमत विद्यापीठात आहे, हे जुन्या आठवणीवर चालणाऱ्या काका-मामांना ठाऊक नसतं.

कॉम्प्सच का, आयटी का नको

मुलं ‘कॉम्प्स म्हणजे कॉम्प्स’ म्हणून हटून बसतात. आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल यांचा पहिल्या दोन वर्षांचा पाया बराचसा एकच असतो. चांगल्या कॉलेजचं आयटी आणि मधल्या कॉलेजचं कॉम्प्स समोर आलं तर मी डोळे मिटून आयटी घेईन. एक्सटीसीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचं, तसं नाही. तिथे सिग्नल्स आणि इलेक्ट्रॉनिक्स मनापासून करावं लागतं, पण ज्याला फिजिक्स आवडतं त्याच्यासाठी चांगल्या कॉलेजचं एक्सटीसी हा या सगळ्या भानगडीतला सर्वात दुर्लक्षित पर्याय आहे. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत कॉम्प्युटरचा पेपर दुसऱ्या ब्रँचची मुलंही देतात, आणि २०२४ पासून डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपरही आहे. बीएस्सी करून दोन वर्षांचं एमसीए हीसुद्धा वाट आहे, पण नातेवाइकांना ती सांगताना आईबापांचा आवाज बारीक होतो, म्हणून मुलं घेत नाहीत.

फॉर्ममधला क्रम

हा नीट वाचा, कारण निर्णय इथेच होतो. २०२५-२६ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे ‘टाकून ठेवू, मिळालं तर बघू’ म्हणून दुसऱ्या नंबरवर टाकलेलं माटुंग्याचं सिव्हिल दुसऱ्या फेरीत मिळालं, की पाचव्या नंबरचं ऐरोलीचं कॉम्प्स गेलं. यंदाची माहितीपुस्तिका उघडून हाच नियम आहे का ते ताडून बघा आणि मगच क्रम लावा.

क्रम लावताना मी एकच गोष्ट करते. ब्रँच बदलाची शक्यता शून्य धरते. शून्य धरूनही तो पर्याय वर राहतोय का?

परवा रात्री अकराला खालच्या मजल्यावरच्या वहिनी मुलाला घेऊन आल्या. यादीत दुसरं सिव्हिल, तिसरं प्रॉडक्शन, चौथं टेक्स्टाइल, सगळी मोठ्या नावाची. आपल्या ऐरोलीचं कॉम्प्स सातवं. मी त्याला विचारलं, “ब्रँच बदलली नाही असं धर. चार वर्षं काँक्रीट शिकशील?”

तो बराच वेळ गप्प होता. वहिनींनी दोनदा तोंड उघडलं, मी हातानं थांबवलं.

“काँक्रीट चालेल, काकू,” तो म्हणाला. “पप्पांच्या साइटवर जातो मी सुट्टीत. पण टेक्स्टाइल आणि प्रॉडक्शन नको, ते मी नुसतं नावासाठी टाकलं होतं.”

सिव्हिल दुसऱ्यावरच राहिलं. कॉम्प्स तिसऱ्यावर आलं. बाकीचे दोन त्यानं स्वतःच खोडले, आणि ओटीपी यायला वेळ लागत होता म्हणून मी चहा टाकला.