जिनिंगच्या गोदामातली ‘अल्फा’: आमचे ६ लाख ४० हजार कसे गेले

आर्वी तालुक्यात माझं गॅरेज आहे. ३१ वर्षं झाली हातात पाना धरून. ट्रॅक्टर, जीप, मेटॅडोर सगळं केलं, आणि सुरुवातीची दहा-बारा वर्षं तर रोज फियाट पद्मिनीच खोलत होतो. तरीही एका गाडीच्याच व्यवहारात माझे आणि माझ्या साळ्याचे मिळून ६ लाख ४० हजार रुपये गेले. ज्या तऱ्हेने गेले, ती तऱ्हा आपल्या भागात अजून फिरते आहे. म्हणून काही न लपवता लिहितो.

साळ्याच्या ओळखीतून एक मध्यस्थ आला. वर्धा नदीच्या पलीकडे, धामणगावच्या बाजूला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात जुनी इटालियन रेसिंगची गाडी पडून आहे म्हणाला. मालकाच्या आजोबांनी कापसाच्या भरभराटीत १९६६ साली परदेशातून आणली, आता वारसांना तिची किंमत कळत नाही, १४ लाखांत देतात. नाव सांगितलं अल्फा रोमिओ जीटीए.

ते नाव ऐकून मी हललो. जीटीए म्हणजे ‘ग्रान तुरिस्मो अलेज्जेरिता’, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीचा हलका केलेला अवतार. १९६५ साली कंपनीने ती शर्यतीसाठी काढली. साध्या गाडीचा लोखंडी पत्रा काढून दारं, बॉनेट, छत, मडगार्ड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, म्हणून वजन दोनेकशे किलोने उतरून ७४५ किलोवर आलं. इंजिन १५७० सीसीचं, चारच सिलिंडर, पण प्लग आठ. एका सिलिंडरमध्ये दोन ठिणग्या पडल्या की पेट्रोल-हवेचं मिश्रण झपाट्याने आणि पुरतं जळतं. १९६६ आणि ६७, दोन्ही वर्षी आंद्रेआ दे अदामिचने याच गाडीवर युरोपियन टुरिंग कार स्पर्धा जिंकली. अशा १६००च्या गाड्या जेमतेम पाचशे बनल्या, त्यामुळे आज संग्राहक तिच्यासाठी कोटीत पैसे मोजतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि मध्यस्थाला ते माझ्याशी पाच मिनिटं बोलूनच समजलं असणार.

गोदामात अंधार होता. सरकीचा जुना, तेलकट वास. ताडपत्री काढली तर खाली लाल गाडी, पुढच्या बाजूला पांढऱ्या त्रिकोणात चार पानांचं हिरवं चिन्ह. चारही टायर बसलेले, दोन्ही बाजूंना फाटक्या गाठी रचलेल्या, त्यामुळे गाडी जवळजवळ जमिनीला टेकलेली. मी सोबत जुन्या स्पीकरचं चुंबक नेलं होतं. दारावर लावलं, गळून पडलं. छतावर लावलं, गळून पडलं. बॉनेट, डिकी, तेच. माझ्या अंगावर काटा आला. अॅल्युमिनियमच, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

बॉनेट हातभर उचललं तर आत गच्च बारदाना. उंदीर शिरू नयेत म्हणून भरला, आणि इंजिन मुंबईला दुरुस्तीला पाठवलं आहे, असं सांगितलं. मोबाईलवर फोटो दाखवला, आठ वायरी स्पष्ट दिसत होत्या. मी जॅक मागितला तर तो म्हणाला, “भाऊ, जॅक लावू नका. खालून सडली हाय, चेसिसले धक्का लागला त मालक माह्या अंगावर येईन.”

मी जॅक लावला नाही. इथेच आमचे पैसे गेले.

साळा म्हणाला, “भाऊजी, तुमी हो म्हणा, मी पैशाचं पायतो.” त्याने सोयाबीनचे आलेले पैसे दिले, वर बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. टोकन दोन लाख. मग जुन्या कस्टमचा दंड भरायचा म्हणून दीड लाख. मग इंजिन सोडवायला एक लाख ९० हजार. शेवटी वारसांच्या संमतीपत्रासाठी एक लाख. प्रत्येक वेळी खातं वेगळ्या नावाचं होतं आणि प्रत्येक वेळी घाई होती, “पुण्याची पार्टी उद्या येऊन रायली.” रक्कम लहान वाटे आणि आधी दिलेले अडकून पडतील ही भीती मोठी वाटे. चौथ्या हप्त्यानंतर फोन बंद झाला.

नऊ दिवस वाट पाहून आम्ही गोदामात गेलो. खरा मालक भेटला. त्याने ती जागा कोण्या अनोळखी माणसाला दोन महिन्यांसाठी भाड्याने दिली होती, गाडी त्याच्या घराण्याची कधी नव्हतीच. आम्ही गाठी सरकवल्या, गाडी उजेडात ओढली आणि मी पाठीवर झोपून मागच्या बाजूने खाली गेलो.

मागच्या अॅक्सलला कमानी होत्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. अल्फाच्या या गाडीला मागे गुंडाळीच्या, कॉइल स्प्रिंग असतात. कमानीचे पाटे, ते यू-बोल्ट, ते शॅकल मी शेकडो वेळा खोलले होते. पद्मिनी. पद्मिनीच्या तळावर फायबरची बॉडी चढवलेली. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३४० मिलिमीटर, जीटीएचा २३५०, त्यामुळे बाहेरून मापात काही खटकलं नव्हतं. फायबरलाही चुंबक चिकटत नाही. बोटाच्या पेराने दारावर ठोकलं असतं तर अॅल्युमिनियमचा खणखणीत आवाज आणि फायबरचा बद्द आवाज यातला फरक मला तिथल्या तिथे कळला असता. खऱ्या जीटीएचा तळ आणि सांगाडा लोखंडीच असतो, म्हणून तळाला चुंबक लावून काही कळलं नसतं. आत वाकून तळाच्या पत्र्याकडे नीट पाहिलं असतं, तरी पद्मिनीचा तळ माझ्या ओळखीचा होता.

कागदाची गोष्ट तर अजून जास्त लागते. त्यांनी आम्हाला कापडी पुठ्ठ्याचं जुनं नोंदणी पुस्तक दिलं होतं. नागपूरची नोंद, साल १९६६, वर मध्य प्रदेश शासनाचा गोल शिक्का. मी ते कितीदा तरी उघडून पाहिलं होतं. गावातल्या निवृत्त गुरुजींनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, “अरे, १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. १९६० साली महाराष्ट्र झाला. मग ६६ सालच्या पुस्तकावर मध्य प्रदेशचा शिक्का कसा?” उन्हात धरलं तेव्हा सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांखाली खरवडल्याची खूण दिसली. कुठल्या तरी दुसऱ्याच, ५६ च्या आधीच्या गाडीचं पुस्तक होतं ते. त्या काळी जीटीए जन्मालाही आली नव्हती.

आम्ही पोलिसात गेलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवरही फोन केला, पण तोवर पैसे त्या खात्यांमधून पुढे निघून गेले होते. पैसे गेल्याचं कळताक्षणी, त्याच तासात, १९३० ला फोन करा. आम्ही नऊ दिवस “येईल, येईल” करत बसलो.

जुनी गाडी घ्यायची हौस असेल तर घ्या, मला अजूनही आहे. पण एक रुपया देण्याआधी नोंदणी क्रमांक घेऊन आरटीओत स्वतः जा. परदेशातून आली म्हणत असतील तर आयातीचा परवाना आणि कस्टमचे कागद मागा. मूळ कागद, मोबाईलवरचा फोटो नाही. अल्फासारख्या कंपनीच्या जुन्या गाडीचं मूळ प्रमाणपत्र इटलीतून कंपनीच्या हेरिटेज विभागाकडून मागवता येतं, विकणाऱ्याने आणलेल्या प्रिंटवर विसंबू नका. आणि २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, तिची फी २० हजार आहे, पण बॉडी, चेसिस, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. आमच्यासारखी गाडी त्या दारातून आत जाऊच शकत नाही. विकणारा जॅक लावू देत नसेल तर त्याच पावली घरी या.

साळ्याच्या बायकोने मला अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. पाटल्या बँकेतच आहेत, व्याज मी भरतो.

मागच्या महिन्यात यवतमाळकडचा एक संत्रावाला ट्रॅक्टर घेऊन गॅरेजला आला. बोलता बोलता त्याने मोबाईल काढला आणि मला एका लाल गाडीच्या इंजिनाचा फोटो दाखवला. त्याच आठ वायरी, मागे तीच निळी भिंत. टोकन उद्या द्यायचं होतं. मी ट्रॅक्टरचं काम बाजूला ठेवलं, भिंतीवरचा जॅक उतरवला आणि त्याच्या गाडीत जाऊन बसलो.