टाके सुकवणाऱ्या "आयुर्वेदिक" तेलाने मला फसवलं, बाळंतिणींनो नक्की वाचा

नॉर्मल डिलिव्हरी झाली पण चीर द्यावी लागली, खाली टाके पडले. आठव्या दिवशीही धड बसता येईना, बाळाला कुशीवर झोपूनच पाजत होते. त्यात जाऊबाईंना व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "बाळंतिणीचे टाके ५ दिवसांत सुकवणारं शुद्ध आयुर्वेदिक तेल". हळद, त्रिफळा, कडुनिंब, सगळी घरातलीच नावं, आई पण म्हणाली झाडपाल्याचंच आहे, त्याने काय होतंय. १,८५० रुपये भरले, दोन बाटल्या आल्या.

कापसाने लावलं तर नुसती आग आग. तेल विकणाऱ्या बाईला फोन केला तर म्हणे "ताई झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, बंद करू नका", आणि मी दात आवळून तीन दिवस लावत राहिले हो! तिसऱ्या दिवशी पॅडला घाण वास, रात्री अंगात ताप. डॉक्टर मॅडमनी बघितलं तर दोन टाके उसवलेले आणि पू झालेला. अँटिबायोटिक, रोजचं ड्रेसिंग, जखम भरायला पुढे महिना गेला.

घरी येऊन ओल्या हाताने बाटली उचलली तर स्टिकरचा कोपरा सुटला, ओढून बघते तर खाली दुसरं लेबल, गुडघेदुखीचं मालिश तेल, त्यात कापूर आणि निलगिरी!! हे मी कच्च्या टाक्यांवर लावत होते. वरच्या स्टिकरवर लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्सपायरी नाही. आयुर्वेदिक औषधावर पण हे सगळं छापावंच लागतं, ते मी आधीच बघायला हवं होतं.

मॅडम म्हणाल्या हे टाके आपोआप विरघळतात, काही आठवडे लागतात, त्यावर काही चोळायचं नाही. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, लघवीनंतर पाण्याने धुवायचं, पुसताना पुढून मागे, नुसतं टिपून कोरडं करायचं, पॅड चार तासांनी बदलायचं आणि पोट साफ ठेवायचं म्हणजे जोर लागत नाही. एवढंच, आणि ह्याला एक रुपया लागत नाही. ताप, वास, पू किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही वगैरे बघत बसू नका.

पैसे परत मागितले तर त्या बाईने आधी "दुसरा कोर्स घ्या" सांगितलं, मग ब्लॉकच केलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिलीये, अन्न व औषध प्रशासनाला दोन्ही लेबलांचे फोटो पाठवलेत. कुणाकडे असलं तेल आलं असेल तर बाटली फेकू नका, आधी स्टिकर ओला करून खाली काय आहे ते बघा.