"हेरिटेज पास"च्या नावाखाली कोल्हापुरात आमचे चौदा हजार कसे गेले

कोल्हापूरला फिरायला जाणार असाल आणि कुणी व्हॉट्सअपवर "हेरिटेज पास", "युनेस्को पास" नाहीतर "व्हीआयपी दर्शन कपल पॅकेज" असलं काही पाठवलं तर आधी हे वाचा, मग पैसे पाठवायचे का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कोल्हापूर शहर वाईट नाही, उलट रिक्षावाल्यांपासून चप्पल लाइनीतल्या (चपलांच्या दुकानांची गल्ली) कारागिरापर्यंत ज्यांनी आम्हाला खरं सांगितलं ते सगळे कोल्हापूरचेच होते. पण बाहेरून येणाऱ्याला कुठे तिकीट लागतं, कुठे लागत नाही, काय कधी बंद असतं हे माहिती नसतं आणि याच्यावरच ह्या लोकांचा सगळा धंदा चालतो. जे फुकट आहे ते विकायचं आणि जे स्वस्तात बघता येतं ते बंद आहे म्हणून सांगायचं.

२०२५ ला १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता, जोडून शनिवार रविवार. नवऱ्याला किल्ल्यांचं वेड आणि मला म्युझियमचं, म्हणून कोल्हापूर ठरवलं. जुलैमध्येच पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आला होता, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूचा जिंजी असे १२ किल्ले, बातम्या सगळीकडे चालू होत्या, आणि आम्हाला फसवणाऱ्या बुकिंगवाल्याने बरोबर तेच पकडलं. फेसबुकला जाहिरात दिसली, वर नव्या राजवाड्याचा फोटो, खाली गोल "सरकारमान्य" शिक्का, नंबरवर मेसेज केला की लगेच पीडीएफ. एसी गाडी, गाईड, अंबाबाईचं व्हीआयपी दर्शन, राजवाडा, टाऊन हॉल म्युझियम, पन्हाळा, सगळी तिकिटं धरून जोडप्याला ७,५००. चार हजार ॲडव्हान्स यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर टूर कंपनीचं नाव यायच्या ऐवजी एका माणसाचं नाव आलं, विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचा नंबर आहे. उरलेले साडेतीन हजार गाडीत बसल्यावर कॅश. कॅश का मागितली ते पुढे तक्रार करताना कळलं.

हॉटेल आम्ही वेगळं बुक केलं होतं, तेवढं एक बरं झालं.

पहिलं देऊळ. मंदिराजवळ गाडी थांबली, एक पोरगा आला, चपला इथेच ठेवा म्हणाला, ओटीचं ताट हातात दिलं, ५०१ रुपये, "पासवाल्यांना ताट घ्यावंच लागतं वैनी". मग आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि गेला. रांग भराभर सरकत होती म्हणून आम्ही खुश, पुढे गेल्यावर बघतो तर ती मुखदर्शनाची रांग, म्हणजे लांबून देवीचा चेहरा दिसतो ती. त्या रांगेला एक रुपयाही लागत नाही! शेजारच्या आजी कराडहून आल्या होत्या, त्या म्हणाल्या अगं आम्ही दर वर्षी ह्याच रांगेतनं जातो की, पास कसला. दर्शन छान झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

मग नवा राजवाडा. ड्रायव्हरने दोन छापील कुपनं दिली, तिकीट खिडकीवरच्या माणसाने ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली, म्हणाला हे आमचं नाही. ड्रायव्हरला फोन केला तर "सर्व्हर डाऊन असंल, तुमी आता काढा तिकीट, नंतर ॲडजस्ट करू". ते ॲडजस्ट आजतागायत झालेलं नाही. राजवाडा मात्र चुकवू नका, काळ्या दगडाची इमारत, मेजर मँट नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने केलेली, १८८४ ला पूर्ण झाली, आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत ते बघत मी बराच वेळ उभी होते. शिकारीतले पेंढा भरलेले वाघ पण आहेत, ते मला नाही आवडले, नवऱ्याला आवडले.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. गाडी शहराच्या बाहेर पडली आणि ड्रायव्हर म्हणतो दादा, आता युनेस्को झालंय नव्हं, तर किल्ल्यावर वेगळा पास लागतो, माणशी ३५०, पॅकेजमध्ये न्हाय कारण नियम नवा हाय. आम्ही बुकिंगवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला ड्रायव्हर सांगेल तसं करा. (हा प्रकार सगळ्या ट्रिपभर चालला. ड्रायव्हर म्हणायचा मी फक्त गाडीचा, बुकिंगवाल्याला विचारा आणि बुकिंगवाला म्हणायचा ड्रायव्हरच बघेल. दोघांच्या मध्ये आपण.) घाटात पाऊस, धुकं, परत फिरायचं म्हणजे दिवस वाया, दिले सातशे. वर नाक्यावर नगरपरिषदेच्या माणसाने नेहमीची पावती फाडली, तीही आम्हीच भरली, आणि युनेस्कोचा पास दाखवला तर तो हसायलाच लागला. पासावर "युनोस्को" छापलं होतं.

"गाईड" म्हणून जो आला तो बहुतेक ड्रायव्हरचाच दोस्त असावा. किल्ल्याच्या 'तीन दरवाजा' नावाच्या दारात उभं राहून त्याने आम्हाला सांगितलं की बाजीप्रभूंनी हीच खिंड लढवली. आता माझ्या नवऱ्यासमोर हे बोलणं म्हणजे... तो तिथेच सुरू झाला, अरे १६६० ला सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला होता, महाराज इथून निसटून विशाळगडाकडे गेले, शिवा काशीद पालखीत महाराज बनून बसला आणि बाजीप्रभू लढले ते वाटेतल्या घोडखिंडीत, जिला आपण पावनखिंड म्हणतो. शेजारचा एक ग्रुप पण आमच्याकडे येऊन ऐकायला लागला. गाईड म्हणाला मी चहा घेऊन येतो आणि मग दिसलाच नाही. पुढे अंधारबाव नावाची विहीर आणि अंबरखाना आम्ही आमचं आमचंच बघितलं, गंगा, यमुना, सरस्वती नावाची धान्याची कोठारं, आत शिरल्यावर आवाज घुमतो. गाईड घ्यायचाच असेल तर आधी ओळखपत्र बघा आणि दोन प्रश्न विचारून बघा, लगेच कळतं.

रविवारी माझा टाऊन हॉल होता. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या जुन्या वस्तू तिथे आहेत, रोमन लोकांशी व्यापार होता त्या काळातल्या, त्यातली पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती मला बघायची होती, खरं तर ट्रिपचा हट्टच त्यासाठी होता. आणि ड्रायव्हर म्हणतो, "वैनी आज टाऊन हॉल बंद हाय, आत छताचं काम चाललंय, त्यापेक्षा तुमास्नी अस्सल चपलांचं सरकारी सेंटर दावतो". सेंटर म्हणजे हायवेकडच्या एका गाळ्यात दुकान, बाहेर मोठा बोर्ड "जीआय टॅग अधिकृत". कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (म्हणजे वस्तू त्याच भागातली असल्याची सरकारी नोंद) मिळालाय हे खरं, पण त्या दुकानाचा त्याच्याशी काय संबंध ते त्यांनाच माहीत. दोन जोड ५,२०० ला. भिंतीवर सर्टिफिकेट, चहा, "परदेशात ह्याच चपला लाखाला विकतात" वगैरे वगैरे.

दुपारी गाडी सोडून दिली आणि रिक्षाने निघालो, सीपीआर हॉस्पिटलच्या समोरून जाताना टाऊन हॉल दिसला, गेट उघडं, लोक आतबाहेर. रिक्षावाला म्हणाला, "कोण म्हंटलं बंद हाय? सोमवारी असतंय बंद. हे काय, उघडंच हाय की!" रिक्षा तिथेच थांबवली, बागेतल्या तोफा, मग आतली मूर्ती, सगळं शांतपणे बघितलं. त्यानेच मग सांगितलं की असल्या दुकानात गिऱ्हाईक नेलं की ड्रायव्हरला कमिशन मिळतं, म्युझियममध्ये नेऊन त्याला काय मिळणार, म्हणून म्युझियम "बंद" असतं.

संध्याकाळी चप्पल लाइनीत एका म्हाताऱ्या कारागिराला आमचे जोड दाखवले. त्यांनी चप्पल वाकवली, कडेला नख घातलं आणि थर सुटा करून दाखवला. "ताई, ह्याला टाका कुठाय? चिकटवलंय नुसतं." खरी कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा नसतो, चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं, त्याला एक वास असतो. आमच्याला फक्त सोल्युशनचा वास होता. आणि खरी असली तरी पावसात घालू नका, हेही त्यांनीच सांगितलं, विकायच्या घाईत असलेला माणूस हे सांगत नाही.

परत आल्यावर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. त्यांना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार नंबर लागतो, तो फक्त ॲडव्हान्सचा होता. बाकी सगळं कॅश, म्हणजे कागदावर आम्ही चार हजारच दिलेत. शिवाय गाडी खरोखर आली होती, त्यामुळे पोलिसांचं म्हणणं पडलं की सेवा दिली पण नीट दिली नाही असं पण तो म्हणू शकतो, ग्राहक हेल्पलाइनला पण नोंदवा. १९१५ वर तेही केलं. पैसे अजून आलेले नाहीत. बुकिंगवाल्याचा नंबर चालू आहे, आम्हाला ब्लॉक केलंय, पण भावाच्या फोनवरून बघितलं तर आता स्टेटसला रायगड आहे, "युनेस्को पास, दिवाळी ऑफर", शिक्का तोच.

कुणी ह्यात अडकलं असेल तर कुपन, पावती, पास काही फेकू नका. पन्हाळ्याचा पास ड्रायव्हरने उतरताना "जमा करायचा असतोय" म्हणून परत मागून घेतला, पण नवऱ्याने त्या "युनोस्को"चा फोटो गंमत म्हणून काढून ठेवला होता, तक्रारीला तोच जोडलाय.