पुणे ते माणगाव: चार मोबाइल कंपन्यांची रेंज, वेग आणि रिचार्ज

पुण्यात राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा तरी ताम्हिणी घाट उतरून माणगाव तालुक्यातल्या घरी जाणाऱ्या माणसाला मोबाइल कंपनी निवडताना दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात. पुण्यातल्या घरी चारही कंपन्यांची रेंज मिळते, त्यामुळे तिथे तुलना करायची ती वेगाची आणि पैशांची. गावी मात्र फोन लागतो की नाही, एवढाच प्रश्न असतो. वडिलांचे सिम बदलायचे ठरले, तेव्हा मी जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल या चौघांची सिम दोन फोनमध्ये घालून हा सगळा रस्ता आणि गावातले घर तपासले.

घाटात आणि वाडीत कोणाची रेंज गेली, हे मी कंपनीचे नाव घेऊन लिहिणार नाही, कारण त्या नावाचा वाचकाला काहीच उपयोग नाही. आमच्या ओटीवर मुकाट पडून राहिलेले सिम ओढ्यापलीकडच्या वाडीत व्यवस्थित चालते, आणि आमच्याकडे उत्तम चाललेले सिम तिथे घराच्या मागच्या बाजूला गेल्याशिवाय जागे होत नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात कंपनीपेक्षा टॉवर कोणत्या टेकाडावर उभा आहे आणि तुमचे घर त्याच्या कोणत्या अंगाला आहे, हेच निर्णायक ठरते. मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला तर याबाबतीत मुळीच घेऊ नये. दूरसंचार परवान्यांच्या नकाशावर मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या परिमंडळात येतो. स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइलच्या लहरींच्या पट्ट्यांचे, लिलाव परिमंडळानुसार होत असल्याने एकाच कंपनीच्या हाती दोन्हीकडे वेगवेगळा माल असतो.

चांदणी चौकातून निघाल्यावर पिरंगुट आणि पौडपर्यंत चारही सिम ठीक होती. मुळशी धरणाच्या काठाने रस्ता वळू लागला की एकेक करून ती गळू लागली, ताम्हिणीच्या जंगलात बराच वेळ एकालाही रेंज नव्हती, आणि घाट उतरून विळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ आल्यावर दोन सिम जवळपास एकदमच परत आली. कारखाने असतील तिथे रेंज असते, ही गोष्ट मला आता कोणत्याही नकाशापेक्षा भरवशाची वाटते. निजामपूर आणि माणगाव बाजारपेठेत पुन्हा चारही चालू झाली. खरी परीक्षा होती ती मुख्य रस्ता सोडून चार किलोमीटर आत असलेल्या आमच्या घराची. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रा, म्हणजे अंगणात दिसणाऱ्या तीन काड्या माजघरात गेल्यावर एकीवर येणार, हे गृहीतच होते.

काड्यांवर विसंबू नये हेही इथेच कळले. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपल्यापुरते ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या एककात दिसतो. ४जीसाठी उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर बोलताना आवाज तुटणार असे समजावे. आमच्या घरी अंगण, ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर अशा चार ठिकाणी सकाळी व रात्री हे आकडे मी लिहून काढले. रात्रीचे आकडे जवळपास तेच राहिले, वेग मात्र निम्म्याहून कमी झाला. सिग्नल चांगला असूनही साडेआठनंतर व्हिडिओ अडकू लागला, कारण सगळी वाडी त्याच वेळी त्याच टॉवरवर असते.

भिंत आणि डोंगर यांच्यापुढे कोणाचे किती चालते, हे बऱ्याच अंशी लहरींच्या वारंवारितेवर अवलंबून असते. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. ३,३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर ५जीचा भरपूर वेग मिळतो, पण त्या जवळच्या जवळच विरतात. २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने देशभरासाठी घेतला. त्याशिवाय ४जीसाठी तिच्याकडे ८५०चा पट्टा आहे. एअरटेलने २०२१च्या लिलावात एक हजार मेगाहर्ट्झखालचा आपला स्पेक्ट्रम देशभर पुरा करून घेतला. व्होडाफोन आयडियातल्या आयडियाचे मूळच महाराष्ट्र आणि गुजरातच्या १९९५च्या परवान्यांत आहे, त्यामुळे राज्यातल्या जुन्या बाजारगावांत तिचे जाळे पहिल्यापासून आहे. बीएसएनएलने टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांच्या देशी तंत्रावर ४जी उभारले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्घाटन झाले; मात्र तिचे ४जी ७०० च्या पट्ट्यावरही चालत असल्याने आपला फोन तो पट्टा पकडतो का, हे सिम घेण्याआधी पाहावे. जुन्या फोनमध्ये बीएसएनएलचे सिम घालून नेटवर्कला दोष देणारे काही लोक खरे तर फोनचा दोष नेटवर्कच्या माथी मारत असावेत.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक अट होती. त्यांच्याकडे बटणांचा साधा २जी फोन आहे आणि तो बदलायला ते तयार नाहीत. जिओकडे २जी आणि ३जी मुळातच नाही, त्यामुळे तो फोन तिथे चालत नाही. जिओचे सिम हवे असेल तर २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेल्या जिओभारतसारखा ४जीचा साधा फोन घ्यावा लागतो. इतर तिघांकडे २जी अजून चालू आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी सिम निवडताना ही बाब सर्वांत आधी पाहायला हवी, पण तुलना करणारे बहुतेक लोक ५जीच्या वेगापासूनच सुरुवात करतात.

वेगाबद्दल बोलायचे तर तो पुण्याचा विषय आहे. एअरटेलने १ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई आणि नागपूरसह आठ शहरांत ५जी सुरू केले, जिओने त्याच आठवड्यात दसऱ्याला मुंबईसह चार शहरांत चाचणी सेवा आणली, आणि व्होडाफोन आयडियाचे ५जी मुंबईत मार्च २०२५ मध्ये व त्यानंतर नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे पोहोचले. जिओने ५जीसाठी जाळ्याचा स्वतंत्र गाभा (कोअर) उभारला, तर एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधाराने केली. घरात बसून व्हिडिओ कॉल करणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही. कामाच्या व्हिडिओ बैठकीला चार-पाच एमबीपीएस पुरतात. त्यापुढे दोनशे मिळतात की चारशे, याने बैठक लवकर संपत नाही.

५जीचा खरा संबंध पैशांशी आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि जिओ व एअरटेल यांनी अमर्याद ५जी हे रोज २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटाच्या रिचार्जपुरते मर्यादित केले. हे अमर्याद डेटाचे आश्वासन फोन ५जीवर असेपर्यंतच लागू असते. मुळशी ओलांडून फोन ४जीवर आला की रोजचे दोन जीबी मोजले जाऊ लागतात आणि ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. पुण्यात महिनाभर बेफिकीर राहिलेला माझा पुतण्या गणपतीत गावी आला, की दुपारीच हॉटस्पॉट मागत फिरतो तो याच कारणाने.

त्या दरवाढीनंतरच्या किमती घेऊन मी एक हिशेब केला. जिओचे रोज २ जीबीचे रिचार्ज २८ दिवसांसाठी ३४९ रुपये आणि एअरटेलचे तेवढ्याच डेटाचे पूर्ण महिन्याचे ३७९ रुपये. पाहताक्षणी जिओ तीस रुपयांनी स्वस्त दिसते. पण २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज होतात आणि ४,५३७ रुपये लागतात. महिन्याच्या हिशेबाने बारा रिचार्जचे ४,५४८ रुपये होतात. तीस रुपयांचा फरक वर्षाअखेरीस अकरा रुपयांवर येतो, आणि त्यातही जिओच्या तेरा रिचार्जमध्ये ३६४ च दिवस भरतात. २८ दिवसांचा हा महिना ज्याने शोधून काढला, त्याचे व्यापारी डोके मान्यच करायला हवे.

फक्त बोलण्यासाठीच्या रिचार्जमध्येही अशीच गंमत आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये डेटा नसलेली रिचार्जे आली. जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ आणि ३३६ दिवसांसाठी १,७४८ रुपये ठेवले, एअरटेलने ८४ दिवसांसाठी ४६९ आणि ३६५ दिवसांसाठी १,८४९, व्होडाफोन आयडियाने ४७० आणि १,८४९. ८४ दिवसांत जिओ स्वस्त पडते. वर्षाच्या रिचार्जमध्ये मात्र दिवसाला भागले तर जिओचे सव्वापाच रुपयांच्या जवळ जातात आणि इतर दोघांचे पाच रुपयांहून थोडेच अधिक होतात. वडिलांना वर्षातून एकदाच रिचार्ज करावे लागणे, ही या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची सवलत वाटली, कारण मुदत संपल्याचे त्यांना कळत नाही आणि फोन लागत नाही म्हणून इकडे आम्ही घाबरतो. दर बदलत राहतात, तेव्हा रिचार्जच्या दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवर दिवस आणि रुपये दोन्ही पाहून भागाकार करावा.

बाकीच्या ऑफरींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एअरटेलने जुलै २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी प्रो ही एआय सेवा वर्षभर दिली, जिओने त्याच वर्षी गुगलची तशीच सेवा जेमिनी प्रो दीड वर्षासाठी देऊ केली, हॉटस्टारची जोडणी कुठल्या ना कुठल्या रिचार्जवर असतेच. ज्याला ते हवेच होते त्याचे पैसे वाचतात. बाकीच्यांनी त्यासाठी वरच्या किमतीचे रिचार्ज घेण्याचे कारण नाही. व्होडाफोन आयडियाची, आठवड्यात उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय मात्र मला या सगळ्यांपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण ती आपल्याच पैशांचा डेटा आपल्याला परत देते.

रेंज तपासण्यासाठी आता कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर तंत्रज्ञानानुसार नकाशे द्यावे लागतात, आणि वेग मोजायला ट्रायचे मायस्पीड अ‍ॅप आहे. नकाशा उपयोगी आहे, पण तो उघड्यावरची रेंज दाखवतो. पत्र्याखालची दाखवत नाही. नकाशावर आमची वाडी तिघांच्या रंगात रंगलेली आहे आणि माजघरात प्रत्यक्षात दोनच सिम चालतात. त्यापेक्षा नाक्यावरच्या रिचार्जवाल्याला आणि गावातल्या आशाताईंना विचारावे. त्या घरोघर फिरतात आणि कुठल्या पडवीत कोणाची रेंज येते हे त्यांना पाठ असते. घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करावे, म्हणजे टॉवरचा प्रश्न घरापुरता तरी सुटतो. त्यासाठी फोन मात्र स्मार्ट लागतो.

नंबर पोर्ट करण्याआधी नव्या कंपनीचे वेगळे सिम घेऊन एक रिचार्जभर वापरून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. पोर्ट करणे स्वतः सोपे आहे: पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे नंबर टाकायचा, १९०० वर संदेश पाठवायचा, आलेला कोड चार दिवसांत दुकानात आधारसह द्यायचा. वडिलांचा संदेश पाठवण्यासाठी रेंज हवी म्हणून आम्हाला मागच्या टेकाडावर चढावे लागले. कोड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या कंपनीतून सवलत देणारा फोन आला. तो घरी लागला नसता, पण वडील तेव्हा माणगावच्या बाजारात होते.

दुसरे सिम आम्ही ठेवूनच दिले, आणि ते निवडताना एक गोष्ट पाहिली जी आधी माझ्या लक्षात आली नव्हती. अनेक ठिकाणी दोन-तीन कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात. वीज गेली आणि त्या टॉवरची बॅटरी संपली की दोन्ही सिम एकदम बंद पडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते, तेव्हा दोन सिम असलेल्या शेजाऱ्यांचाही काही उपयोग झाला नव्हता. म्हणून वडिलांचे पहिले सिम निजामपूरकडच्या टॉवरचे आहे आणि दुसरे, घरात जेमतेम एक काडी दाखवणारे असले तरी, माणगावकडच्या बाजूचे.