अक्षर अस्सल, पण पाटीची पाठ कोरी

धुळ्याला आग्रा रोडलगतच्या एका गल्लीत लाकडावर हाताने नाव रंगवून मिळतं. दारावरच्या पाट्या, रुखवताचे पाट, चौरंग. सागाची 18 बाय 8 इंची पाटी (1,400 रुपये) आणि पाटांची जोडी घेतली, त्यावरून हे.

आधी अक्षराबद्दल, कारण पैसे त्याचेच आहेत. पेंटर खडूच्या सुताने शिरोरेषेची जागा आखतो आणि अक्षरं तिला खालून लटकवतो. वेलांटी-मात्रांसाठी वर अक्षराच्या निम्मी उंची मोकळी सोडतो. शिरोरेषा मात्र सलग ओढत नाही. ‘चौधरी’तल्या ध वर ती डावीकडे तुटलेली हवी, नाहीतर चौघरी होतात, तसेच भामरे मामरे होतात. संगणकावर कापलेल्या स्टिकरमध्ये बऱ्याचदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. इथे पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो, म्हणजे शासनाने 2009 मध्ये प्रमाण ठरवलेलाच. ब्रश खारीच्या केसांचा, लांब. ऑइल पेंटमध्ये तारपीन बेतानं, त्यामुळे उकाराचं शेपूट एका ओढीत निमुळतं होतं. जवळून पाहिलं तरी कड कुठे थरथरलेली नाही.

लाकडाची तयारीही पुढच्या बाजूने चोख आहे. साग तेलकट, म्हणून आधी थिनरचं फडकं. मग 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. त्यावर सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात आणि 320 ने हलकी घासणी. सीलर चुकवला तर रंग लाकडाच्या रेषांत शिरतो आणि अक्षराला मिशा फुटतात.

गडबड मागे आहे. पाटीची पाठ आणि कडा कोऱ्याच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, फळी वाळते. जुलैत तीच पाठ ओल पिते. पुढून बंद, मागून उघडी फळी वाकणारच, आणि तिच्याबरोबर अक्षराला रेषेत बारीक चीर जाते. ऑर्डर देतानाच ‘सहाही बाजूंना सीलर’ असं पावतीवर लिहून घ्या. फुकट करून देतो, फक्त सांगावं लागतं.

पाटांवर दुसरी चूक सापडली. रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला म्हणून वरून लॅकर मारलं. ऑइल पेंट आत कच्चाच असतो. लॅकरचं कडक थिनर त्याला उचलतं. ‘ळ’च्या दोन्ही वळणांत, जिथे रंग जाड बसला होता, तिथे दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. आठवडाभर वाळू द्यायला सांगा आणि वर लॅकरऐवजी तेलावरचं वार्निश मागा. पांढरं अक्षर त्याखाली हळूहळू पिवळट पडतं, तेव्हा पांढऱ्याचा हट्ट नको. पिवळा किंवा शेंदरी घ्या.

पाटावर नाव मधोमध घेऊ नका, बसून बसून घासतं. कडेच्या पट्टीत घ्या. पोळपाटावर घ्यायचंच तर खालच्या बाजूला, पोळी लाटायच्या बाजूला रंगाचा थेंब नको. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) पाटी तो स्वस्तात देतो, पण ओसरीबाहेर लावायची असेल तर घेऊ नये, पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात. स्क्रूची भोकं रंगवण्याआधी पाडून घ्या आणि स्क्रू पितळी वापरा. साध्या लोखंडी स्क्रूभोवती ओल्या सागावर काळा डाग पडतो, तो पुसला जात नाही.

वेळेच्या बाबतीत शब्द कच्चा. चार दिवस म्हणाला, नऊ लागले. लग्नसराईत रुखवताची ऑर्डर तीन आठवडे आधी टाका. नाव फोनवर सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण दिलं तसंच तो उतरवतो: कागदावर ‘पाटिल’ असेल तर पाटीवरही पाटिलच.